थोरली येईपर्यंत

३ मार्च

ही डायरी दातांचं सामान विकणाऱ्या एका कंपनीने आमच्या लॅबला फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरा दात छापलाय. दोन महिने ती माझ्या टेबलाखाली पडून होती. आज उचलून घरी आणली, कारण कुणाशी तरी बोलायला हवं आणि घरात बोलायला फक्त आई आहेत. त्या त्याच्या आई. सासूपुढे तिच्याच मुलाचं गाऱ्हाणं गायचं म्हणजे अवघड काम.

झालं ते असं. काल सकाळी तो म्हणाला, "थोडे दिवस वेगळं राहून बघू." मी चहाचे कप विसळत होते. कुठे राहणार विचारलं तर "मित्राकडे" म्हणाला. कोणता मित्र ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. एक बॅग भरली, आतल्या खोलीतून बेस गिटार उचलली आणि गेला.

ती बेस खरं तर आता माझी. लग्नाच्या वर्षी त्याने घेतली तेव्हा बँडमधला भोपळ्या म्हणाला होता, एवढ्या पैशांत तर घराला दुसरी खोली आली असती. वाजवायला मला त्यानेच शिकवलं, तार कोणत्या बोटाने ओढायची इथपासून. पुढे त्याचं वाजवणं सुटलं आणि मला त्याचं वेड लागलं. बँडमध्ये कित्येक वर्षं मीच ती वाजवते. त्याने मध्यंतरी तिच्यावरची धूळसुद्धा पुसलेली नाही.

म्हणून तर मला धीर आहे. ज्याला कायमचं जायचं असतं तो कपाट रिकामं करतो. याचे स्वेटर इथेच, बूट इथेच, आई इथेच. आणि माझी वस्तू घेऊन गेलाय म्हणजे परत द्यायला तरी यावंच लागेल. किल्ली त्याच्याजवळ आहे. रात्री मी दाराची आतली कडी लावत नाही, नुसतं ओढून घेते. कधीही आला तरी बाहेर ताटकळायला नको.

६ मार्च

भोपळ्याचा फोन. हा आमचा ड्रमर. नावाला भोपळ्या, अंगाने काडी.

"दातवाले, पंधरा तारखेला रेकॉर्डिंग पक्कं. तीन गाणी. हॉलवाला ऐकणार आणि मगच दर शनिवारची संध्याकाळ आपल्याला देणार."

मी म्हटलं, बेस नाहीये. तो घेऊन गेलाय, थोड्या दिवसांसाठी.

भोपळ्या गप्प झाला. एरवी त्याला गप्प करायला त्याच्या हातातल्या काठ्या काढून घ्याव्या लागतात. मग म्हणाला, "एक स्वस्तातली घे. हल्ली त्याच कंपन्या आपल्या भारी मालाची स्वस्त आवृत्ती काढतात. दिसायला अगदी सख्खी बहीण."

"थोड्या दिवसांसाठी कशाला उगाच?"

"घे गं," तो म्हणाला. "थोड्या दिवसांसाठीच घे."

८ मार्च

दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीचे केस निळे आणि बोलणं सरळ. भिंतीवर एकाखाली एक दोन बेस टांगल्या होत्या. वरची हुबेहूब आमच्यासारखी, खालची तिची स्वस्त आवृत्ती. तोच आकार, तोच रंग, वरच्या टोकाला नाव मात्र वेगळं.

"खरं सांगू का मॅडम? हिचं लाकूड हलकं. तारा पिळायच्या किल्ल्या साध्या. आवाज पकडणारे पिकअपही दुसऱ्या कारखान्यातले. पण डोळे मिटून ऐकलं तर शंभरातल्या नव्वद लोकांना फरक कळणार नाही."

"आणि उरलेल्या दहांना?"

"ते सगळे बेस वाजवणारे असतात."

मी हसले. आठवड्यात पहिल्यांदा हसले असेन. मग मांडीवर घेऊन वाजवली. वाईट नाही. मला वाटलं होतं पत्र्याचा डबा असेल, तसं मुळीच नाही. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बसवायचे खोटे दात बनवते, त्यामुळे नक्कल म्हटली की मी नाक मुरडत नाही. स्वस्त कॅपही चांगली निघते. फक्त ती बसवल्यावर घासून घासून चावा जुळवावा लागतो, आणि स्वस्त कॅपसाठी तेवढा वेळ कुणी काढत नाही.

तारांखाली बेसच्या अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून काळ्या प्लास्टिकची एक पाटी असते. तिच्यावर, नव्या मोबाइलवर असते तशी, पारदर्शक फिल्म चिकटवलेली होती. ती मुलगी म्हणाली, "महिन्याच्या आत आणलीत तर परत घेऊ. फक्त ही फिल्म निघालेली नको. निघाली की माल वापरलेला धरतात."

तिथेच ठरलं. थोरली येईपर्यंत ही. मग ही जिथली तिथे. घरी येईस्तोवर हिचं नाव धाकटी पडलं होतं.

रात्री जेवताना आई तिच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "त्या पाटीवरचं प्लास्टिक काढून टाक."

मी म्हटलं, "नको आई. परत द्यायची आहे."

"काढून टाक म्हणते ना."

ज्या बाईने टीव्हीच्या रिमोटला आजवर पिशवीतून बाहेर येऊ दिलं नाही, चष्म्याच्या डबीलासुद्धा कव्हर घातलं, ती मला हे सांगते! म्हातारपणी माणूस बदलतो म्हणतात ते खोटं नाही.

११ मार्च

धाकटीची नीट तपासणी केली. खांद्यावर हलकी वाटते, हा फायदाच. वरच्या पट्टीत आवाज जरा पातळ आहे, खालच्या पट्टीत चांगला घुमतो. सूर उतरतो, पण अर्ध्या तासात एखादा पीळ दिला की भागतं. त्रास एकच आहे. गळ्यावर ज्या धातूच्या पट्ट्या असतात, फ्रेट, त्यांची टोकं कच्ची सोडलीत. हात वरखाली करताना तळव्याला ओरबाडतात. लॅबमधल्या रबरी चाकावर मी ती टोकं जेवणाच्या सुट्टीत गुळगुळीत करू शकेन. पण मग ती दुकानात परत जाणार नाही. म्हणून हातालाच पट्टी चिकटवून वाजवते.

थोरलीला असं काही करावं लागलं नव्हतं. ती हातात आली तेव्हापासूनच हाताची होती. का माझाच हात तिच्यावर घडला, कोण जाणे.

१३ मार्च

सराव लवकर संपला. घरी आले तर आई गॅलरीत फोनवर बोलत होत्या. "नाही, मी नाही सांगणार. तुझं तू सांग." मला पाहिल्यावर फोन ठेवला. कोण होतं विचारलं तर म्हणाल्या, "मावशी तुझी." दोघी बहिणींचं हे जुनंच आहे. एकीने खोड काढायची आणि दुसरीने निस्तरायची.

रक्तदाबाच्या गोळ्या या वेळी आईंनी तीन महिन्यांच्या लिहून आणल्यात. मी म्हटलं, कोपऱ्यावर तर औषधांचं दुकान आहे, एवढ्या कशाला? "असू देत जवळ," म्हणाल्या.

१५ मार्च

लाज गेली. दुसरा शब्द नाही.

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून हात वर केला. "बेसमध्ये काहीतरी फडफडतंय." पुन्हा वाजवलं. सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की मागे एक बारीक फर्रर्र, डब्यात माशी अडकल्यासारखी. मी तारा वर घेतल्या, स्क्रू आवळले, पट्टा बदलला. माशी काही जाईना. शेवटी भोपळ्याने मोठ्याने ड्रम वाजवून ती झाकायचा प्रयत्न केला आणि सगळंच बिघडलं. रेकॉर्डिंगवाला भला माणूस आहे, म्हणाला एप्रिलमध्ये पुन्हा या.

मी सगळ्यांना सांगितलं, स्वस्तातलं घेतलं की हे असं होतं. थोरली असती तर झालं नसतं.

घरी येऊन पाहिलं तर फिल्मचा एक कोपरा सुटला होता. रोजच सुटतो, मी अंगठ्याने दाबून बसवते. आज लॅबमधल्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. निघाली तर दुकानदार हात वर करायचा.

१६ मार्च

काही नाही. त्याच्या बाजूची उशी धुतली आणि मग वाटलं, धुवायला नको होती.

१९ मार्च

त्याचा मेसेज आला! "आईची औषधं आहेत ना?"

दिवसभर मी तो मेसेज कितीदा उघडला ते सांगायची लाज वाटते. काळजी आहे म्हणूनच विचारलं ना? मी लिहिलं, "आहेत. बेस कशी आहे?" तासाभराने उत्तर आलं, "ठीक."

कमी बोलणारा तो आधीपासूनच. पहिल्यांदा त्याच्यासमोर अख्खं गाणं न चुकता वाजवलं होतं, तेव्हाही "ठीक" एवढंच म्हणाला होता. आणि मग आमच्यासाठी चहा करायला उठला होता.

२४ मार्च

आज आईंची परीक्षा घेतली. मोबाइलवर थोरलीचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, या घरात केलेलं. तेच गाणं धाकटीवर वाजवून रेकॉर्ड केलं. म्हटलं, आई, डोळे मिटा आणि सांगा, भारी कोणती?

आईंनी डोळे मिटले. आधी धाकटीचं लावलं. "धूं धूं," आई म्हणाल्या. मग थोरलीचं लावलं. मी विसरूनच गेले होते की त्याच्या सुरुवातीला तो आहे. "एक, दोन, तीन, चार," त्याचा आवाज आला, आणि चारवर तो हसला, कारण मी आधीच सुरू केलं होतं. मला कधीच चारपर्यंत थांबवत नसे.

आईंनी डोळे उघडलेच नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "मला नाही कळत त्यातलं," आणि उठून भाजी निवडायला बसल्या. भाजी सकाळीच निवडून झाली होती.

परीक्षा फुकट गेली. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी मीसुद्धा बेस ऐकली नाही.

२८ मार्च

"रविवारी येतो. बेस घेऊन."

हे वाक्य मी इथे उतरवून ठेवते आहे, म्हणजे मेसेज चुकून पुसला गेला तरी राहील.

२९ मार्च

दिवसभर आवराआवर. पडदे धुतले. त्याचं कपाट लावलं. आईंनीही त्यांची खोली काढलीय, कपड्यांच्या घड्या, डबे, जुन्या शाली, सगळं पलंगावर. मी म्हटलं, वा, लेक येणार म्हणून तुम्हीही कामाला लागलात!

त्या म्हणाल्या, "इकडे ये, बस जरा. बोलायचंय."

मी म्हटलं, "आई, उद्या बोलू, उद्या सगळेच बसून बोलू."  मग माझ्या तळव्यावरची पट्टी काढून त्यांनी नवी लावली.

धाकटीला तिच्या खोक्यात घालून आतल्या खोलीत ठेवलं. मुदत आठ तारखेपर्यंत आहे. सोमवारीच देऊन टाकेन.

३० मार्च

तो येऊन गेला. आज लिहवत नाही.

१ एप्रिल

लिहिते.

त्याने बेल वाजवली. किल्ली खिशात असून बेल वाजवली. मी दार उघडलं तेव्हा हसत होते, हसू आवरता येत नव्हतं. त्याने थोरली तिच्या पेटीसकट दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. आत आणली नाही.

"घे तुझी," म्हणाला.

"वाजवलीस का?"

"उघडलीच नाही. वाटलं होतं पुन्हा सुरू करीन. पण तिकडे आवाज चालत नाही. तिला डोकेदुखीचा त्रास आहे."

मी विचारलं, "कुणाला?"

 आई त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, अंगात बाहेर जायचा स्वेटर, हातात पिशवी. मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दोघांनाही ठाऊक होतं. भोपळ्यालाही असणार. घरात फक्त मला आणि त्या रिमोटला ठाऊक नव्हतं.

मी रडले, ओरडलेही. काय ओरडले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "मग बेस का नेलीस? तीच का नेलीस?" आणि तो म्हणाला, "मी तिच्यावर वाजवायचो तेव्हा बरा माणूस होतो, म्हणून." तो खोटं बोलत नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

तो बॅगा खाली न्यायला गेला. त्याचे स्वेटर, त्याचे बूट, आईंचे डबे. मी आईंचा हात धरला. म्हटलं, तुम्ही तरी नका जाऊ. तुम्ही माझ्याही आई आहात.

"आहेच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चाललेय."

"म्हणजे काय?"

"अगं, मी इथे असेपर्यंत तुला वाटत राहणार, तो येईल. आईला भेटायला येईल, आईसाठी येईल. मी महिनाभर बघतेय तुझ्याकडे. जिन्यात पाऊल वाजलं की तुझी मान वळते. तुला असं बघायला मला नाही जमणार." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तिकडे काही मला सोन्याच्या ताटात मिळणार नाहीये. नवी सून कशी आहे कुणास ठाऊक. पण तुझं हे वाट बघणं माझ्याच्याने बघवत नाही."

मग त्या म्हणाल्या, पाणी आण. मी स्वयंपाकघरात गेले, पेला विसळला, भरला, तिथेच उभी राहून रडले आणि तोंड धुतलं. परत आले तेव्हा आई आतल्या खोलीतून बाहेर येत होत्या. मला वाटलं काही राहिलं असेल म्हणून गेल्या. पाणी प्यायल्या, माझ्या गालावर हात ठेवला, आणि एकेक पायरी धरत खाली उतरल्या.

एका हाताने तो बेस ठेवून गेला आणि दुसऱ्या हाताने आईंना घेऊन गेला. महिनाभर मी देवाणघेवाणीचा विचार करत होते, ती अशी झाली.

४ एप्रिल

लॅबमध्ये एका आजीबाईंची कवळी उलटी बसवली. डॉक्टर म्हणाले, सुट्टी घ्या. मी म्हटलं, घरी जाऊन काय करू?

थोरली अजून दाराशीच आहे. मी तिला ओलांडून येते-जाते.

५ एप्रिल

आज शनिवार. मनाशी म्हटलं, आता हिशोब सरळ आहे. थोरली आली, धाकटी परत. काहीतरी तरी ठरल्याप्रमाणे करावं.

खोकं उघडलं. फिल्म नव्हती.

आधी वाटलं सरकली असेल. खोकं उलटं केलं, पिशवीत बघितलं. कुठेच नाही. काळी पाटी स्वच्छ, चकचकीत, माझी लॅबची चिकटपट्टीसुद्धा गायब. एका कडेला नखाचा बारीक ओरखडा होता, जोर लावून सोलताना पडतो तसा. मग मला तो पाण्याचा पेला आठवला. आई आतल्या खोलीतून बाहेर येत होत्या तो क्षण आठवला.

मी खाली बसले.  मग आवाज मोठा करणारा अँप लावला, धाकटी मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली.

माशी नव्हती.

पुन्हा वाजवली. जोरात वाजवली. भिंत हलली, खिडकीची काच हलली, आणि मागे काही फडफडलं नाही. गोल, भरलेला, स्वच्छ आवाज. महिनाभर मी या बिचारीला नावं ठेवत होते, चारचौघांत स्वस्त म्हणत होते, आणि आवाज करत होती ती मी अंगठ्याने रोज दाबून बसवलेली फिल्म. एवढे स्क्रू आवळले, पण तिकडे बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला.

खूप रडले. तो गेला त्या दिवशीही एवढी रडले नव्हते. त्या दिवशी रागाची सोबत होती.

संध्याकाळी आईंना फोन केला. त्या अगदी हळू बोलत होत्या. त्या घरात हळूच बोलावं लागत असणार.

"आई, फिल्म तुम्ही काढलीत?"

"काढली. तुला जमणार नव्हतं." मग म्हणाल्या, "चिकट होतं मेलं. नख मोडलं माझं."

"आता मला ती परत देता येणार नाही."

"म्हणून तर काढली. ती दुसरी त्याची आहे गं, कितीही वाजवलीस तरी. ही तुझी."

  मग मी म्हटलं, "थांबा," आणि फोन अँपसमोर खुर्चीवर ठेवला. ते तीन मिनिटांचं गाणं वाजवलं, जुन्या रेकॉर्डिंगमधलंच. सुरुवातीला मोजायला कुणी नव्हतं. मनातल्या मनात चारपर्यंत मोजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चारपर्यंत थांबले. तळव्याला फ्रेट लागत होते. सोमवारी हिला लॅबमध्ये नेऊन टोकं घासून घेईन, आता कुणाला विचारायचं नाही.

फोन कानाला लावला तेव्हा मला वाटलं त्यांनी कधीच ठेवला असेल. पण त्या होत्या. नाक ओढल्याचा आवाज आला.

"धूं धूं," आई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं वाजतंय आता. जेवून घे. आणि ऐक, रात्री दाराला आतली कडी लावत जा. एकटी आहेस."

मला वाटलं होतं, कडीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोरली दारापासून उचलून माळ्यावर टाकली. भोपळ्याला मेसेज केला, रेकॉर्डिंगची तारीख घे. जेवले थोडं. भांडी घासली, एकच ताट होतं.

मग दार ओढलं आणि कडी लावली. महिनाभर न लावलेली, घट्ट बसली होती, दोन्ही हात लावावे लागले.